बुश बसवायचाय? घण ठेवा बाजूला (४ स्टार)

आमची डाळ मिल आहे, इथंच जळगाव एमआयडीसीत, आणि चाळणी हलवणाऱ्या एक्सेंट्रिकचा गनमेटल बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती तांब्या-कथलाच्या मिश्रधातूची नळी) म्हणजे कायमचं दुखणं. आधी दुसऱ्या एका ठिकाणी काम टाकायचो, तिथं लाकडी ठोकळा ठेवून सरळ घणाने ठोकायचे, मागच्या वेळी बिडाच्या हाउसिंगचा (बुश ज्यात घट्ट बसतो ते घर) कानच तडकला आणि वरून म्हणे तुमचं हाउसिंगच जुनं. मग ह्या वर्कशॉपला आलो. इथं बुश ठोकत नाहीत, गार करून आखडवतात आणि बसवतात, मग तो परत फुगून घट्ट धरतो.

थर्माकोलच्या डब्यात लिक्विड नायट्रोजन ओततात, मायनस १९६ डिग्री, आणि तारेला बांधून बुश आत सोडतात. आधी असलं खळखळ उकळतं की वाटावं खाली शेगडी पेटवलीय, पांढरी वाफ डब्यावरून उतरून पायाशी पसरते, आणि मग एका क्षणी आवाज एकदम बसतो. तो बसला की बुश आतपर्यंत गार झाला, घड्याळ बघायची गरज नाही. चिमट्याने बाहेर काढला की लगेच अंगावर पांढरं हिम धरायला लागतं, कारागीर एकदा फडकं मारतो, सरळ धरतो आणि सोडतो. बुश आपल्याच वजनाने आत. हातोडी नाही, प्रेस नाही, काही नाही. फक्त मधे थबकायचं नाही, कारण वाकडा जाऊन अडकला तर हाउसिंगची उष्णता ओढून तो तिथंच फुगतो आणि मग कापूनच काढावा लागतो.

हिशोब पण वर्कशॉपमधल्या काकांनी कागदावर करून दाखवला. गनमेटल इतकं गार झालं की हजारात साधारण तीन-सव्वातीन भाग आखडतं. आमचा बुश बाहेरून ८० एमएम, म्हणजे जवळपास पाव एमएम बारीक झाला, आणि पकड (बुश भोकापेक्षा जितका मोठा ठेवतात ते) फक्त ०.०५ एमएम, त्यामुळे आरामात जातो. हाच बुश स्टीलचा असता तर हजारात दोन भागच आखडला असता, अल्युमिनियम चारच्या आसपास, आणि नायलॉन-टेफ्लॉनचं तर विचारूच नका, ते टक्क्यांत जातात. आमच्या फिटरचं म्हणणं होतं कशाला खर्च, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवू. पण फ्रीजरच्या मायनस १८ ला हा बुश आखडणार ०.०६ एमएम, पकड ०.०५, उरलं काय? अर्ध्यात अडकणार म्हणजे अडकणारच. ड्राय आइस मायनस ७८ ला असतो, त्यात लहानसहान कामं होतात म्हणे.

पण पैसे वसूल होतात ते काय बुडवायचं नाही हे ह्यांना कळतं म्हणून. काका भुसावळच्या लोको शेडमधून रिटायर झालेले, जॉब हातात घेतला की पहिला प्रश्न, कशाचा आहे, हार्डन केलाय का. हार्डन केलेल्या स्टीलमध्ये आत थोडा भाग कच्चा राहिलेला असतो, इतक्या थंडीत तो पण कडक होतो आणि जॉबचं माप किंचित वाढतं ते वाढलेलंच राहतं, कधी तडा पण जातो. माझ्यासमोर एकाने रबर सीलवालं ग्रीस भरलेलं बेअरिंग आणलं होतं, साफ नाही म्हणाले, रबर काचेसारखं होऊन फुटेल. साधं लोखंड पण गार असताना ठिसूळ होतं, तेव्हा त्यावर फटका मारायचा नाही. तांबं, पितळ, अल्युमिनियम, ३०४ स्टेनलेस ह्यांना तो त्रास नाही, म्हणून तर गुरांचे डॉक्टर रेतनाचा नायट्रोजन घेऊन फिरतात तो कंटेनर अल्युमिनियमचा. मग काका रुळांवर घसरले, भुसावळचा माणूस म्हटल्यावर ते होणारच. वेल्डिंग करून लांबच लांब केलेल्या रुळाला थंडीत आखडायला जागा मिळत नाही, आत ताण बसतो आणि कच्ची वेल्ड असेल तिथं पहाटे रूळ तुटतो, त्यामुळे हिवाळ्यात रात्री माणसं लाइनवर पायी गस्त घालतात. ऐकायला मजा आली, पण तोवर माझा चहा गार झाला.

एक स्टार का कापला ते सांगतो. एक लिटर नायट्रोजनची वाफ होऊन जवळजवळ ७०० लिटर गॅस होतो, वास नाही रंग नाही, बंद खोलीत ऑक्सिजन कमी होऊन माणूस पडेल आणि कळणार पण नाही. ह्यांनी दोन्ही शटर वर केले होते, पंखा लावला होता, ते बरोबरच. पण हेल्पर पोरगा चपलेवर आणि सुती हातमोज्यात! कापड नायट्रोजन शोषून कातडीला धरून ठेवतं, त्यापेक्षा झटकन काढता येणारे सैल चामडी हातमोजे आणि बंद बूट पाहिजेत, डोळ्याला चष्मा पण. मी डब्याजवळ वाकलो तर मला मात्र ओरडले, "भो, हात नको लाऊ!" तेच त्या पोराला पण सांगा ना काका.

बाकी नायट्रोजन रोज नसतो, आधी फोन करून दिवस विचारा, फोन दुपारनंतर उचलतात. नायट्रोजनचा चार्ज एका बुशला पण तेवढाच आणि चार बुशला पण तेवढाच, त्यामुळे कामं साठवून एकदम न्या. हाउसिंगचं बोअर (आतलं भोक) मोजून न्या किंवा हाउसिंगच घेऊन जा, नुसता जुना बुश दाखवला तर ते माप धरत नाहीत.