मिंग समाध्या, बीजिंग : डिंगलिंगपेक्षा चांगलिंगला वेळ द्यावा

साताऱ्यातील एका सहल कंपनीबरोबर आम्ही दोघे पती-पत्नी ऑक्टोबरात बीजिंगला गेलो होतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘मिंग समाध्या’ एवढेच छापलेले होते आणि प्रत्यक्षात त्यांपैकी डिंगलिंग या एकाच समाधीला जेमतेम पाऊण तास मिळाला. त्याहून अधिक वेळ जेडच्या दुकानात गेला. मनाचे समाधान न झाल्यामुळे मोकळ्या दिवशी आम्ही स्वतंत्र गाडी करून पुन्हा गेलो, आणि हा अभिप्राय मुख्यतः त्या दुसऱ्या भेटीवर आधारलेला आहे.

शहराच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर, तियानशौ डोंगराच्या कुशीत चीनच्या मिंग राजघराण्यातील १६ पैकी १३ सम्राट येथे विसावले आहेत. जागा योंगल सम्राटाने निवडली आणि त्याच्या चांगलिंग या समाधीचे काम १४०९ मध्ये सुरू झाले. परिसराकडे नेणाऱ्या शेनदाओ या मार्गावर सिंह, उंट, हत्ती, घोडे असे २४ पाषाणप्राणी आणि १२ मानवी पुतळे समोरासमोर उभे आहेत. प्रत्येक प्राण्याची एक जोडी बसलेली, तर दुसरी उभी. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी लहानपणापासून पाहत आल्यामुळे असेल, परंतु त्या मुक्या पहारेकऱ्यांपुढे आम्ही बराच वेळ रेंगाळलो.

चांगलिंगचे लिंगएन सभागृह हे माझ्या मते संपूर्ण परिसरातील सर्वोत्तम स्थळ होय. त्याचे खांब नानमू नावाच्या सुगंधी लाकडाचे असून प्रत्येक खांब एकाच अखंड बुंध्यातून घडवलेला आहे. मधल्या खांबांचा व्यास एक मीटरहून अधिक आहे आणि त्यांना रंग दिलेला नसल्यामुळे सहाशे वर्षांचे लाकूड जसे आहे तसे डोळ्यांसमोर येते. हे बुंधे नैऋत्य चीनच्या दूरच्या जंगलांतून आणले गेले, हे ठाऊक असले म्हणजे त्या सभागृहात आवाज आपोआप खाली येतो. मागच्या टेकडीखालील मूळ समाधी अद्याप उघडलेली नाही.

डिंगलिंग ही वानली सम्राटाची समाधी १९५६ ते १९५८ या काळात उत्खनन करून उघडण्यात आली. जमिनीखाली सुमारे २७ मीटर खोल असलेल्या या दगडी महालाचे संगमरवरी दरवाजे विलक्षण आहेत : बाहेरून दार ओढून घेताच आत तिरका टेकवलेला दगडी अडसर घसरून दाराला टेकत असे आणि दार आपोआप बंद होत असे. मात्र आत ठेवलेल्या लाल शवपेट्या प्रतिकृती आहेत. बाहेर काढलेली रेशमी वस्त्रे योग्य जतनाअभावी खराब झाली आणि १९६६ मध्ये सम्राट व त्याच्या दोन्ही राण्यांचे अवशेष जाळण्यात आले. ही हकिगत मार्गदर्शकाने सांगितली नाही, ती सांगायला हवी होती.

डिंगलिंगला पुष्कळ पायऱ्या आहेत आणि खाली गारवा असतो. गुडघेदुखी असलेल्यांनी तेथे उतरण्याचा आग्रह धरू नये. तिकिटे ठिकाणानुसार वेगवेगळी असतात, त्यामुळे सहल ठरवतानाच कोणती समाधी दाखवणार, हे लेखी विचारून घ्यावे. आम्ही सकाळी शेनदाओ आणि दुपारी चांगलिंग पाहिले, आणि संपूर्ण दिवस त्यातच गेला.