घर हललं, इंटरनेट हललं नाही: ब्रॉडबँड शिफ्टिंगचा आठ महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगते. आज आमच्याकडे इंटरनेट उत्तम चालतंय आणि वेगाबद्दल माझी तक्रार नाही. पण हेच कनेक्शन जुन्या घरातून नव्या घरात आणताना जो मनस्ताप झाला, तो दुसऱ्या कुणाला होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

18 मेला आम्ही पुण्यात कर्वेनगरचं भाड्याचं घर सोडून रावेतला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. फायबरचं कनेक्शन तीन वर्षं बिनतक्रार चाललं होतं, त्या विश्वासावर जानेवारीत वर्षाचे पैसे एकरकमी भरले होते. म्हणजे घर बदललं तेव्हा जवळपास आठ महिने शिल्लक होते. दहा दिवस आधी अ‍ॅपवरून शिफ्टिंगची रिक्वेस्ट टाकली, पाचशे रुपये अधिक 18 टक्के जीएसटी मिळून 590 रुपये भरले. ‘तीन ते पाच दिवसांत काम होईल’ असा मेसेजही आला. प्रत्यक्षात कनेक्शन सुरू झालं 11 जूनला. मधले 24 दिवस घरात इंटरनेट नव्हतं.

मी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. मे महिना म्हणजे व्हेकेशन बॅच ऐन भरात, चौदा मुलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बोलणं कसंबसं पोचायचं, पण पेन टॅबवर वर्तुळाची स्पर्शिका काढायला घेतली की मुलांच्या स्क्रीनवर कंस अर्धवट थांबायचा. ‘मॅम, छेदनबिंदू कुठे आला?’ हा प्रश्न एका तासात चार-चारदा. भूमितीय रचनांचं ते अख्खं प्रकरण मला जूनच्या शेवटी पुन्हा शिकवावं लागलं. पालकांनी समजून घेतलं, पण मुलांचे ते तास वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

उशिराचं खरं कारण कस्टमर केअरने कधीच सांगितलं नाही, ते शेवटी वायर जोडायला आलेल्या मुलाकडून कळलं. कंपनीचं नाव सगळीकडे एकच असलं तरी प्रत्यक्ष तारा ओढणारे भागाभागाचे फ्रँचायझी वेगळे असतात. कर्वेनगर एकाकडे, रावेत दुसऱ्याकडे. दोन्हीकडे एसटीडी कोड 020 असला तरी कंपनीच्या सिस्टिममध्ये झोन बदलतो. झोनच्या आत घर बदललं तर ते शिफ्टिंग. झोन ओलांडला की जुनं खातं बंद करून नवं उघडायचं. माझी रिक्वेस्ट मात्र जात होती जुन्या फ्रँचायझीकडे. तो ‘ग्राहक आपल्या भागात नाही’ म्हणून बंद करायचा, मी पुन्हा टाकायची. असं तीनदा झालं. ज्यांना घर बदलायचंय त्यांनी ‘शिफ्टिंग होतं का’ एवढंच विचारून थांबू नका. नव्या पत्त्याचा फ्रँचायझी कोण, बिल्डिंगपर्यंत त्यांची फायबर आली आहे का आणि खातं तेच राहणार का, हे विचारा. आणि घर बदलायचं घाटत असेल तर वर्षाचा प्लॅन भरू नका.

सोसायटीची परवानगी हा एक वेगळा टप्पा होता, पण सेक्रेटरींनी डक्टमधून वायर न्यायला दोन दिवसांत लेखी परवानगी दिली.

आता ओटीपीबद्दल, कारण माझा आणखी एक आठवडा त्यातच गेला. 4 जूनला कंपनीचा एक मुलगा आला, डक्ट पाहिला, वायर कमी पडतेय म्हणाला. जाता जाता म्हणाला, ‘मॅडम, व्हिजिटचा ओटीपी आलाय तेवढा सांगा.’ मी सांगितला. तो लिफ्टपर्यंत पोचायच्या आत मेसेज आला की आपलं काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं आहे. तिकीट, म्हणजे कामाची नोंद, बंद! कस्टमर केअरच्या लेखी आमच्याकडे इंटरनेट सुरू होतं, त्यामुळे पुन्हा नव्याने तक्रार.

11 तारखेला दुसरा मुलगा आला. हा कामाचा होता. फायबर आत घेतली, मोडेमला जोडली, तर एलओएसचा, म्हणजे सिग्नल पोचत नसल्याचा, लाल दिवा लुकलुकतच राहिला. त्याने पिवळी वायर काढून पॉवर मीटरला लावली आणि मला आकडा दाखवला: मायनस 31. ‘मॅडम, मायनस 27 च्या खाली गेलं की मोडेमला प्रकाशच दिसत नाही.’ दाराच्या चौकटीजवळ वायर काटकोनात दुमडून खिळ्याने दाबली होती. फायबर काचेची असते, तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. त्याने तेवढा तुकडा कापला, वायर मोठा बाक देऊन पुन्हा लावली, हिरवं कनेक्टर नवीन बसवलं. मीटरवर मायनस 21. लाल दिवा गेला, पण इंटरनेट नाहीच. मोडेमचा सिरियल नंबर अजून कर्वेनगरच्या यंत्रणेतच नोंदलेला होता. तो इकडे चढवून घ्यायला त्याने फोनवर पाऊण तास घालवला. मधे एकदा त्यानेही ओटीपी मागितला. मी म्हटलं, ‘दादा, नेट चालू झालं की त्याच क्षणी देते.’ त्याने मान डोलावली. तिकीट वेळेत बंद झालं नाही तर वरून बोलणी बसतात, असं म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. जी पद्धत त्याला काम होण्याआधी ओटीपी मागायला लावते, ती बदलली पाहिजे.

पैशांचा प्रश्न उरलाच होता. नवं खातं, म्हणून नवा प्लॅन घ्या, असं मला सांगण्यात आलं. मी नकार दिला. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2012 च्या तक्रार निवारण नियमांनुसार कंपनीला प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, द्यावा लागतो आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत दाद मागता येते. त्याला शुल्क नाही आणि निर्णय 39 दिवसांत द्यावा लागतो. माझ्याकडे सगळे डॉकेट नंबर, मेसेज आणि लाल दिव्याचा फोटो होता. सगळं जोडून अपील केलं. सोळाव्या दिवशी उत्तर आलं: शिल्लक महिने नव्या खात्यावर वळवले, बंद असलेले 24 दिवस वाढवून दिले. फोनवर कितीही वेळ घालवून जे झालं नव्हतं, ते एका नीट लिहिलेल्या अपिलाने झालं.

त्यानंतरचे आठ महिने चांगले गेले. वायरवर 95 एमबीपीएसच्या आसपास वेग मिळतो, आतल्या खोलीत वायफायवर 40. सप्टेंबरमध्ये रस्ता खोदताना केबल तुटली, ती पाच तासांत जोडून दिली. वाढीव दिवसांसह प्लॅन याच महिन्यात संपला. कनेक्शन तेच ठेवलंय, पण या वेळी तीन महिन्यांचे पैसे भरले.

एक गोष्ट मात्र परत आली नाही, ती म्हणजे याच कनेक्शनवरच्या लँडलाइनचा नंबर. नव्या खात्याला नवा नंबर मिळतो, हेही आधी कुणी बोललं नव्हतं. जुना नंबर सासूबाईंच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ होता. त्यांनी डायरी घेऊन तीन दिवस एकेकाला फोन करून नवा नंबर लिहून घ्यायला लावला. सांगलीच्या आत्यांना मात्र आता नवीन काही लक्षात राहत नाही, आणि त्या मोबाइल वापरत नाहीत. त्यांचा दर रविवारी सकाळी येणारा फोन बंद झाला. आता नऊ वाजले की सासूबाईच इकडून लावतात.