सीटी की एमआरआय: डोक्याच्या तपासणीसाठी निघण्याआधी

गाडीवरून पडून कानशिलावर मार बसला असेल तर प्रश्नच नाही, आधी सीटी. काही मिनिटांत होतो. ताजा रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर त्यात लगेच दिसतं. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून लागूनच एक धमनी जाते. ती फाटली तर सुरुवातीला नीट बोलणारा माणूस काही तासांत बेशुद्ध पडू शकतो. अशा वेळी एमआरआयच्या नादात जवळचं सीटी मशीन ओलांडून नागपूरला पळू नका.

झटक्यांचं वेगळं आहे. कापूस वेचता वेचता बाई थांबते, एकटक बघते, ओठ चघळते, ओटीचं कापड चाचपत राहते. हाक मारली तरी ओ नाही. मिनिट-दोन मिनिटांनी भानावर येते आणि तिला काही आठवत नाही. गावात याला बाहेरची बाधा म्हणतात; हे टेम्पोरल लोबमधले, म्हणजे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातले झटके असू शकतात. आठवणी साठवणारा तिथला हिप्पोकॅम्पस आक्रसलेला असेल तर सीटीत तो बहुतेक सुटतो. इथे एमआरआयच हवा, तोही एपिलेप्सी (मिरगी) प्रोटोकॉलचा, म्हणजे हिप्पोकॅम्पसला आडवे पातळ छेद घेणारा. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून हे शब्द लिहून घ्याच. साध्या एमआरआयच्या जाड छेदांत बारीक दोष हुकतो, रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि घरचे पुन्हा मांत्रिकाकडे वळतात. याचं मला फार वाईट वाटतं.

झटक्यांत सीटी अगदीच वाया जात नाही. मेंदूतल्या जंतांच्या जुन्या, चुना धरलेल्या गाठी त्यात जास्त चांगल्या दिसतात. मात्र तापासोबत बरळणं, ओळख विसरणं सुरू झालं तर हर्पीस या विषाणूची मेंदूसूज असू शकते. ती एमआरआयमध्ये लवकर दिसते, पण औषध रिपोर्टसाठी थांबवायचं नसतं.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, स्वस्त आहे, करून घ्या. तो नॉर्मल आला म्हणून मिरगी नाही असं होत नाही. पेट स्कॅनचा (मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दाखवणाऱ्या तपासणीचा) खर्च दोन औषधं लागू पडली नाहीत आणि ऑपरेशनचा विचार सुरू झाला, तरच.

एमआरआयला अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहावं लागतं, आवाजही मोठा असतो. जोडवी, मंगळसूत्र काढून ठेवा. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. सीटीत एक्स-रे असतात, म्हणून दिवस गेले असतील तर तेही सांगा. सेवाग्रामला जा की नागपूरला, जुन्या फिल्मा आणि झटक्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सोबत न्या. तपासणी आहे म्हणून झटक्यांची सकाळची गोळी मात्र चुकवू नका.