गॅस गिझर: एकेरी नळी की दुहेरी?

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गॅस गिझरला धूर बाहेर नेणारी एकेरी नळी लावावी की हवा घेणारी आणि धूर सोडणारी दुहेरी, हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. एकेरी नळीचा गिझर ज्वलनासाठी खोलीतलीच हवा वापरतो. थंडीत खिडकी बंद करून एक्झॉस्ट पंखा लावला, तर तो धूर उलटा आत ओढू शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग असतो ना वास. दुहेरीत आतल्या नळीतून धूर जातो, तिच्याभोवतीच्या पोकळीतून बाहेरची हवा येते. ती महाग पडते आणि भिंतीला मोठे भोक लागते (सोसायटीची परवानगी वेगळीच). उघड्या ड्राय बाल्कनीत मी एकेरीवर भागवीन. बाथरूममध्ये मुळीच नाही.