इंधनगळती आणि शेजारची विहीर: अंतर मोजायचे, पाणी तपासायचे की मधे बोअर घ्यायचे?

जमिनीखालची टाकी गळाली असे कळले की जवळच्या विहिरीला धोका आहे का, हे ठरवायचे तीन मार्ग समोर येतात. नकाशावर अंतर आणि भूजलाचा उतार पाहून अंदाज बांधणे, विहिरीचेच पाणी प्रयोगशाळेत पाठवणे, किंवा टाकी आणि विहिरीच्या मधे निरीक्षणासाठी बोअर घेणे. खर्च याच क्रमाने वाढतो, म्हणून बहुतेक जण दुसऱ्यावर थांबतात. अहवालात बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधले कर्करोगकारक द्रव्य, सापडले नाही की विषय मिटला, असे धरून चालतात. चूक होते ती इथेच.

त्याआधी वासाबद्दल, कारण निम्मे निर्णय वासावरच होतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली बेंझिनची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. पाण्यातल्या बेंझिनचा वास जाणवतो तो साधारण 10 मिलिग्रॅमला, म्हणजे मर्यादेच्या हजारपट झाल्यावर. एक लिटर पेट्रोलमध्ये आकारमानाने 1 टक्का बेंझिन धरले तर ते पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भरते, आणि पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला पोचवायला तेवढे पुरते. वास येत नाही म्हणून पाणी चांगले, असे कुणी सांगितले तर मुळीच ऐकू नका.

अंतराचा अंदाज स्वस्त आहे आणि सुरुवातीला तो करायलाच हवा. भूजलाचा वेग काढायचा तर जमिनीची पाझरक्षमता गुणिले उतार, भागिले सच्छिद्रता. वाळूत पाझरक्षमता दिवसाला 10 मीटर, उतार हजारी 5 आणि सच्छिद्रता 0.25 असेल तर पाणी दिवसाला 20 सेंटिमीटर, वर्षाला 73 मीटर सरकते. बेंझिन मातीला थोडे चिकटते, जिवाणू त्याला खातात, त्यामुळे वाळूतले बेंझिनचे पट्टे, म्हणजे भूजलाबरोबर पसरत जाणारे दूषित पाणी, बहुधा शंभरेक मीटरच्या आत थांबतात. पण हा दिलासा भेगाळ कातळाला लागू नाही. तिथे पाणी फक्त भेगांतून वाहते. सच्छिद्रता 0.01 आणि पाझरक्षमता अवघी 1 मीटर धरली तरी वर्षाला 180 मीटर येतात, आणि दिशा भेग ठरवते, उतार नाही. पेट्रोलमध्ये एमटीबीई (ऑक्टेन वाढवायला मिसळतात ते रसायन) असेल तर तो पाण्याच्याच वेगाने पळतो आणि सहजी विघटित होत नाही. इथेनॉल असेल तर जिवाणू आधी ते खातात, जमिनीतला ऑक्सिजन त्यातच संपतो आणि बेंझिनचा पट्टा लांबतो. म्हणून काय गळाले हा प्रश्न किती गळाले याच्याआधी विचारावा. डिझेलमध्ये बेंझिन फार कमी असते. तिथे नॅफ्थलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनही तपासायला सांगावे लागते.

अंदाजात हमखास राहून जाते ती गोष्ट म्हणजे पंप. वरच्याच वाळूत जलधर थर 10 मीटर जाड असेल आणि विहिरीतून रोज 100 घनमीटर उपसा होत असेल, तर ती वरच्या अंगाने 200 मीटर रुंद पट्ट्यातले पाणी ओढते, आणि उताराच्या खालच्या बाजूचेही सुमारे 32 मीटरपर्यंतचे. टाकी उताराला खाली आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

विहिरीचे पाणी तपासणे म्हणजे लोक आज काय पीत आहेत हे पाहणे. ते टाळता येत नाही, पण त्यातून उद्याचे कळत नाही. पट्टा विहिरीपासून 20 मीटरवर असला तरी अहवाल स्वच्छच येतो. मोठ्या व्यासाच्या उघड्या विहिरीत तर एका कडेने झिरपणारे दूषित पाणी बाकीच्या पाण्यात पातळ होते आणि बेंझिन हवेत उडून जाते. पिण्याची विहीर म्हणजे बोअरवेल असेल तर 6 इंची केसिंगमध्ये मीटरमागे सुमारे 18 लिटर पाणी असते. 30 मीटरच्या खांबाचे तिप्पट, म्हणजे 1,600 लिटर उपसल्यावर ताजे पाणी येते. नमुना छतावरच्या टाकीतून किंवा फिल्टरनंतर घेतला तर तो वाया गेला. 40 मिलिलिटरची काचेची कुपी आणि टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण लागते. धार बारीक ठेवून काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करून बोटाने टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला तर नवी कुपी घ्यायची, कारण बेंझिन त्या बुडबुड्यात निघून जाते. हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच 2 च्या खाली, बर्फात 4 अंशांच्या आसपास, आणि 14 दिवसांच्या आत तपासणी.

मधले बोअर महाग आहेत, पण पट्टा विहिरीत पोचण्याआधी सावध करतात ते तेच. किमान तीन हवेत, तेही एका रेषेत नाही, त्रिकोणात. त्याशिवाय पाण्याची दिशा निघत नाही. दोन बोअर उताराच्या दिशेने एकमेकांपासून 30 मीटरवर असतील तर हजारी 5 उताराला पातळीतला फरक फक्त 15 सेंटिमीटर येतो. आता वरच्या बोअरमध्ये पेट्रोलचा 20 सेंटिमीटर थर तरंगतो आहे असे समजा. घनता 0.75 असल्याने तो खालच्या पाण्याला बरोबर 15 सेंटिमीटर दाबतो. ही दुरुस्ती न करता पाण्याची पातळी लिहिली तर दोन्ही बोअर सारखे दिसतात आणि उतार कागदावरून नाहीसाच होतो. म्हणून साध्या फितीऐवजी तेल आणि पाण्याची सीमा दाखवणारा मीटर वापरा, आणि केसिंगच्या तोंडाची उंची लेव्हलने मिलिमीटरमध्ये घ्या.

जाळीदार पाइप पाण्याच्या पातळीला आरपार असावा. तो पूर्ण पाण्याखाली गेला तर तरंगते इंधन आत येतच नाही. बाजूची पोकळी बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) बंद केली नाही तर तोच बोअर प्रदूषणाला खाली जायची वाट करून देतो. मोजमाप वर्षातून निदान दोनदा व्हावे, पातळी सर्वात वर असताना आणि सर्वात खाली असताना.

निवड करायची झाली तर विहिरीचे पाणी कुणी पीत असेल तिथे तपासणी आजच करा, बाकीचे नंतर. वाळूमाती आहे, गळती थोडी आहे आणि विहीर शंभर मीटरच्या बरीच पलीकडे व उपसाक्षेत्राबाहेर आहे, तर अंदाज आणि दर तिमाहीचा नमुना पुरतो. कातळ, एमटीबीई किंवा मोठा उपसा यांपैकी एकही असेल, तर मधल्या बोअरचा पैसा वाचवू नका. पहिला बोअर विहिरीच्या दारात नको, टाकीच्या जवळ खालच्या अंगाला घ्या; तिथेच काही सापडले नाही तर पुढच्यांची घाई राहत नाही.

अहवालात बेंझिन मर्यादेच्या वर आले तर पिणे आणि स्वयंपाक दोन्ही लगेच थांबवा. घरात पाणी उकळून ते घालवायला जाऊ नका. वाफेबरोबर ते श्वासात येते, गरम पाण्याच्या आंघोळीतही येते.