शंभरी पार वजन आणि क्लिपलेस पेडल: शिमानो एसपीडी की क्रँकब्रदर्स?

वजन शंभर किलोच्या पुढे आणि माउंटन बाइकच्या क्लिपलेस पेडलांत (ज्यात बुटाचा तळ अडकून बसतो) शिमानोचं एसपीडी की क्रँकब्रदर्सचं एगबीटर, यात अडकलेल्यांनी पेडलच्या ग्रॅमचे आकडे आधी बाजूला ठेवावेत.

खरा प्रश्न स्पिंडलचा, म्हणजे पेडल ज्यावर फिरतं त्या दांड्याचा. उभं राहून पेडल मारताना किंवा उडी मारून उतरताना सगळा भार त्याच्यावर येतो. एसपीडीच्या नेहमीच्या मॉडेलांत ते क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) स्टीलचं असतं, बेअरिंग कप-कोन प्रकारचं, म्हणजे सुट्या गोळ्यांचं. सैल झालं की उघडून ग्रीस भरा, घट्ट करा, पुन्हा सुरू. क्रँकब्रदर्सच्या एगबीटरमध्येही खालची मॉडेलं स्टीलचीच, सर्वांत महाग मॉडेल मात्र टायटॅनियमचं. टायटॅनियमच्या पेडलांना बरेचदा वजनमर्यादा असते, तेव्हा जड माणसाने जास्त पैसे मोजून कमी ताकद कशाला घ्यावी?

पकडीचंही तसंच. एसपीडीत बूट धरणाऱ्या स्प्रिंगचा ताण ॲलन कीने कमी-जास्त करता येतो. जोरदार पायाला ही मोठी सोय. एगबीटरमध्ये ती नाही.

क्लीट (बुटाच्या तळाला लावायची, पेडलमध्ये अडकणारी धातूची पट्टी): एसपीडीची स्टीलची, एगबीटरची पितळेची. पितळ लवकर झिजतं.

चिखलात मात्र एगबीटर सरस, चारही बाजूंनी पाय अडकतो आणि माती साचत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर त्यातली पायाची मोकळी हालचालही सुखावते.

वजनदार चालक, खडकाळ वाट, दुरुस्ती घरीच: एसपीडी, शक्यतो रुंद पिंजऱ्याचं (भोवती रुंद चौकट असलेलं). पावसाळी चिखल आणि नाजूक गुडघे: एगबीटर, पण स्टील स्पिंडलचंच. दोन्हीकडे बूट कडक तळव्याचे हवेत.