रीगलचं सूत्र दहा महिने वापरून: हाफला बरोबर, फुलला वीस मिनिटांचा फरक

एका अंतराच्या टायमिंगवरून दुसऱ्या अंतराला किती वेळ लागेल याचा अंदाज देणारं रीगलचं सूत्र. त्याने मला मुंबईच्या फुल मॅरेथॉनसाठी (४२.२ किमी) ४ तास १२ मिनिटं सांगितली होती. लागले ४ तास ३२.

पीटर रीगल या अमेरिकन अभियंत्याने हे सूत्र १९७७ साली मांडलं. नव्या अंतराला आधीच्या अंतराने भागायचं, भागाकाराचा १.०६ वा घात घ्यायचा आणि त्याने आधीच्या टायमिंगला गुणायचं. अंतर दुप्पट झालं की वेळ २.०८५ पट होतो.

पावसाळ्यात बडोद्याला १० किमी ५४ मिनिटांत झाले. सूत्राप्रमाणे हाफ मॅरेथॉन (२१.१ किमी) १ तास ५९. नोव्हेंबरात २ तास १ मिनिट लागलं. माझा पक्का विश्वास बसला. त्याच हाफवरून फुलचे ४:१२ निघाले. जानेवारीत मुंबईला ५:५९ चा पेस (एका किलोमीटरला ५ मिनिटं ५९ सेकंद) धरून निघालो, तिसाव्या किलोमीटरपर्यंत टिकवलाही. मग मांड्यांचा दगड झाला. आमचा सराव बडोद्यातल्या कमाटीबाग, नवलखी मैदान असा सपाटीवरचा, त्यामुळे मुंबईच्या मार्गावरचा पेडर रोडचा चढ भारी पडणारच होता. पण मी त्याच्या आधीच संपलो होतो.

नंतर कळलं की १९८१ च्या लेखात रीगलने स्वतःच मर्यादा दिली आहे: साडेतीन ते २३० मिनिटांच्या धावेसाठी. २३० मिनिटं म्हणजे ३ तास ५०. माझी फुल त्यात बसतच नव्हती! मी वापरत होतो त्या कॅल्क्युलेटरवर ही ओळ असायला हवी होती.

तरी तेवढंच कारण नाही. आमच्या पहाटेच्या गटातल्या ५८ वर्षांच्या काकांची हाफ १ तास ५८ ची. सूत्राने ४:०६ सांगितले, त्यांना ४:०९ लागले. त्यांनी मला एवढंच विचारलं, "अरे, आठवड्याला पळतोस किती?" ते ६५ किमी पळतात, मी ३५. माझी सर्वांत मोठी लाँग रन २६ किमीची. दहा किलोमीटरचा वेग माझ्याकडे होता, पण ग्लायकोजन (स्नायूंतला साखरेचा साठा) संपत आल्यावरही पळत राहायची सवय पायांना नव्हती.

म्हणून आता १.०६ च्या जागी स्वतःचा घातांक काढतो: वेळांच्या गुणोत्तराचा लॉग भागिले अंतरांच्या गुणोत्तराचा लॉग. दहा किमी ते हाफ १.०८ आला, हाफ ते फुल १.१७. आणि मे महिन्यातल्या उन्हाळी शर्यतीचं टायमिंग यात अजिबात घालू नका, सगळा हिशेब बिघडतो.

सध्या आठवड्याला ५० किमी चालू आहेत. येत्या जानेवारीसाठी १.१२ धरलाय. हाफ पुन्हा २:०१ आली तर फुल ४ तास २३ मिनिटं, म्हणजे ६:१४ चा पेस. सुरुवातही त्याच पेसने करणार.